द स्मिथ्स कसे ऐकावे : नव्या श्रोत्यासाठी क्रम आणि पद्धत

एखादा बँड समजून घ्यायचा तर त्याचा पहिला अल्बम लावावा आणि तिथून क्रमाने पुढे जावे, ही रीत बहुतेक बँडांच्या बाबतीत ठीक चालते. द स्मिथ्सच्या बाबतीत ती चालत नाही. मँचेस्टरमध्ये १९८२ साली जमलेल्या आणि १९८७ साली मोडलेल्या या चौघांनी स्टुडिओ अल्बम चारच काढले, पण त्यांची अनेक उत्तम गाणी त्या चारांपैकी एकाही अल्बममध्ये सापडत नाहीत. त्या काळच्या ब्रिटनमध्ये सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची छोटी तबकडी, ही स्वतंत्र कृती मानली जात असे आणि तिच्यातले गाणे पुन्हा अल्बममध्ये घालण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे ‘पॅनिक’, ‘आस्क’, ‘विल्यम, इट वॉज रिअली नथिंग’, ‘हेवन नोज आय ॲम मिझरेबल नाऊ’ ही गाणी फक्त अल्बम ऐकणाऱ्याच्या कानावर पडतच नाहीत. शिवाय ज्या पहिल्या अल्बमपासून तो सुरुवात करतो, तो ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत निस्तेज अल्बम आहे. दोनतीन गाणी ऐकून हा बँड कायमचा बाजूला ठेवणारे श्रोते मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना क्रम चुकीचा मिळालेला असतो.

पुढे दिलेला क्रम एका समजुतीवर उभा आहे. या बँडमध्ये शब्द आणि वाद्ये एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. गायक मॉरिसी एकटेपण, नकार, अपमान आणि मरण यांबद्दल गात असताना जॉनी मारची गिटार बहुतेक वेळा उजळ, चपळ आणि उत्साही असते. इंग्रजी गाणे ऐकताना आपण आधी शब्दांच्या मागे लागतो, आणि इथे तसे केले तर हाती केवळ रडगाणे लागते. म्हणून आधी वाद्ये ऐकावीत, मग आवाज आणि शब्द सर्वांत शेवटी.

सुरुवात कुठून करावी

नोव्हेंबर १९८४ मध्ये निघालेला ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ हा संग्रह प्रथम लावावा. त्यात काही सिंगल आहेत आणि उरलेली गाणी बीबीसी रेडिओवरच्या जॉन पील आणि डेव्हिड जेन्सन यांच्या कार्यक्रमांसाठी केलेली ध्वनिमुद्रणे आहेत. अशा कार्यक्रमांसाठी बँडला स्टुडिओ अगदी थोडा वेळ मिळत असे. तीनचार गाणी एका दिवसात वाजवून, मिसळून हातावेगळी करावी लागत, आणि सजावटीला सवडच नसल्याने चार माणसे एका खोलीत एकमेकांकडे कान देऊन वाजवत आहेत हे त्या ध्वनिमुद्रणांत थेट ऐकू येते.

फरक स्वतः पडताळून पाहायचा असेल तर ‘रील अराउंड द फाउंटन’ हे गाणे या संग्रहातून ऐकावे आणि लगेच फेब्रुवारी १९८४ च्या पहिल्या अल्बममधून ऐकावे. संग्रहातली आवृत्ती मोकळी आहे. ठेका किंचित पुढे झुकतो आणि गिटार व आवाज यांच्यामध्ये हवा खेळती राहते. अल्बममधल्या आवृत्तीत पियानो आणि ऑर्गनची भर आहे, पण ठेका जड पडला आहे आणि सगळ्यांवर एक पातळ पडदा ओढल्यासारखा वाटतो. या अल्बमचे ध्वनिमुद्रण आधी ट्रॉय टेट या निर्मात्याबरोबर पूर्ण झाले होते. ते बाजूला ठेवून जॉन पोर्टर यांच्या देखरेखीखाली तीच गाणी पुन्हा केली गेली, आणि दोनदा शिजवल्याचा थकवा त्यात उतरला आहे असे माझे मत आहे. तरीही हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, यावरून गाण्यांच्या ताकदीची कल्पना येते. त्याच्याकडे परत यावेच, पण बँडची ओळख झाल्यावर.

गिटार ऐकण्यासाठी

दुसऱ्या टप्प्यात एकच गाणे घ्यावे : ऑक्टोबर १९८३ चा सिंगल ‘धिस चार्मिंग मॅन’. ‘हॅटफुल ऑफ हॉलो’मध्ये या गाण्याची रेडिओसाठी केलेली आवृत्ती आहे, म्हणून मूळ सिंगल वेगळा शोधावा आणि तो हेडफोन लावून ऐकावा. सुरुवातीचे काही क्षण फक्त गिटार आहे. मार इथे कॉर्ड एकदम छेडत नाही. तिच्यातले सूर सुटे करून तो त्यांची एक पळती ओळ विणतो, आणि ती ओळ इतकी गाती असते की गायक आल्यावरही ती मागे सरत नाही. एका गाण्यात दोन गायक असल्याचा भास होतो, त्यातला एक तारांवर गातो. दुसऱ्यांदा ऐकताना कान गिटारच्या मागच्या बाजूला न्यावा. तिथे एकावर एक चढवलेल्या गिटारचे अनेक थर आहेत. मारच्या सांगण्यानुसार ते सुमारे पंधरा भरतील. मुख्य थर पोर्टर यांच्या १९५४ सालच्या फेंडर टेलिकास्टरवर वाजवलेला आहे. याच गाण्यात धातूच्या मुठीची सुरी गिटारच्या तारांवर टाकून काढलेला नाद मिसळलेला आहे. सुरी पडल्याचा आवाज तो वेगळा ओळखू येत नाही, पण गाण्यात मधूनच जी झगमग जाणवते तिच्यात त्याचा वाटा आहे.

मार १९६३ मध्ये मँचेस्टरला जन्मला आणि हे गाणे निघाले तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. पंक या आक्रमक, साध्या रॉकच्या लाटेनंतर गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच मुलांना जोर आणि फाटका आवाज हवा असे, आणि दुसरीकडे सिंथेसायझरवर चालणाऱ्या बँडांचा बोलबाला होता. मारने दोन्ही वाटा नाकारल्या. बर्ट जॅन्शसारखे लोकसंगीताच्या अंगाने बोटांनी वाजवणारे वादक, मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या तबकड्या आणि शीक या डिस्को बँडचा नाइल रॉजर्स हे त्याचे आदर्श होते. लांबलचक एकल वादन त्याने जवळजवळ केलेच नाही. त्याची कर्तबगारी गाण्याच्या पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत पसरलेली असते. म्हणून ती गाण्याच्या मध्यावर शोधणाऱ्याला सापडत नाही.

स्वतः गिटार वाजवणाऱ्यांसाठी दोन सूचना. मार सुरुवातीच्या काळात गिटार नेहमीपेक्षा एक पूर्ण स्वर वर लावत असे किंवा दुसऱ्या पट्टीवर कापो चढवत असे, त्यामुळे ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवताना सूर जुळत नसेल तर आधी हे तपासावे. दुसरे, डिस्टॉर्शन पूर्ण बंद ठेवावे. रिकनबॅकर ३३० ही त्याची ओळख बनलेली गिटार सगळ्यांना परवडणारी नाही, पण कोणत्याही साध्या गिटारवर स्वच्छ आवाज, थोडा कोरस आणि प्रत्येक तारेला सारखे वजन देणारी पिक एवढ्यावर त्या शैलीच्या बरेच जवळ जाता येते.

यानंतर ‘हाऊ सून इज नाऊ?’ ऐकावे, आणि ते अखंड ऐकावे. पूर्ण आवृत्ती सहा मिनिटांहून मोठी आहे. हे गाणे ऑगस्ट १९८४ मध्ये ‘विल्यम’च्या बारा इंची तबकडीच्या मागच्या बाजूला टाकून देण्यात आले होते, यावर आज विश्वास बसत नाही. त्याचा पाया म्हणजे एक थरथरणारी गिटार. फेंडर ट्विन रिव्हर्ब या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज ठरावीक गतीने कमीजास्त करणारी ट्रेमोलोची सोय असते. आधी सरळ वाजवून ठेवलेली गिटार चार ट्विन रिव्हर्बमधून पुन्हा सोडण्यात आली. दोन ॲम्प्लिफायर मारने आणि दोन पोर्टर यांनी सांभाळले, आणि थरथर गाण्याच्या ठेक्याबरोबर राहावी म्हणून दोघेही हाताने गती जुळवत राहिले. ती ठेक्यापासून घसरली की टेप थांबवायची, मागे घ्यायची आणि पुन्हा पुढचा तुकडा उचलायचा. आज संगणकावर हे काम क्षणात होते. पण या गाण्यातली थरथर जिवंत वाटते ती तिच्या कडा माणसांनी हाताने घासल्यामुळे. ती चालू असताना वरून घसरत येणारा स्लाइड गिटारचा लांब, कण्हता सूर ऐकावा. गाण्यात जे एकटेपण आहे ते मॉरिसी तोंड उघडण्याआधीच त्या सुराने सांगून झालेले असते.

बेस आणि ड्रम्स

इथे फार वेळ लागणार नाही, पण हा टप्पा वगळू नये. अँडी रुर्क हा मारचा शाळेपासूनचा मित्र. त्याचा बेस नुसता खर्ज भरत नाही, त्याला स्वतःची चाल असते. फेब्रुवारी १९८५ च्या ‘मीट इज मर्डर’मधले ‘बार्बरिझम बिगिन्स ॲट होम’ लावावे आणि जवळजवळ सात मिनिटे फक्त बेस धरून राहावे. लहान मुलांना घरात होणाऱ्या मारहाणीवरचे ते गाणे आहे, आणि त्याचा बेस मात्र नाचायला लावणारा, फंकच्या अंगाचा आहे. शब्द आणि वाद्ये यांच्या विरुद्ध ओढीचे याहून ठळक उदाहरण त्यांच्याकडे दुसरे नाही. माइक जॉइसचे ड्रम्स सरळ आणि दणकट आहेत. वरच्या दोघांना इतके स्वातंत्र्य मिळाले ते त्याने कधी मोडता घातला नाही म्हणून. रुर्क २०२३ मध्ये गेला, आणि त्यानंतर लिहिल्या गेलेल्या आदरांजलींतून अनेक श्रोत्यांचे लक्ष पहिल्यांदा त्याच्या वादनाकडे वळले.

आवाज आणि शब्द

मार १९८२ मध्ये स्ट्रेटफर्ड भागातल्या किंग्ज रोडवरच्या मॉरिसीच्या घरी जाऊन दार ठोठावतो, आणि तिथून या बँडची गोष्ट सुरू होते. मॉरिसी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. बेकार, पुस्तकांत बुडालेला, ऑस्कर वाइल्डचा भक्त. दोघांचेही आईवडील आयर्लंडहून मँचेस्टरला आलेले. दोघांनी काम कसे वाटून घेतले हे समजले की गाणी ऐकायला सोपी जातात : मार गाण्याचे पूर्ण संगीत कॅसेटवर भरून देत असे, आणि मॉरिसी त्यावर शब्द व गायची ओळ दोन्ही स्वतः बसवत असे. आधी चाल आणि मग शब्द ही पद्धत आपल्या चित्रपटसंगीतालाही परिचित आहे. पण तिथे कवीला संगीतकाराच्या मात्रा पाळाव्या लागतात, तर मॉरिसी मारच्या मात्रा खुशाल ओलांडतो. ओळ संपली तरी त्याचे वाक्य संपत नाही, ध्रुवपद कधी येते आणि कधी येतच नाही, आणि शब्द संपल्यावर तो आवाज एकदम वर फेकून नुसते आलाप घेतो. पहिल्यांदा ऐकताना हे बेसूर वाटू शकते. त्याचा आवाज गिटारच्या ओळीशी जुळवून न ऐकता दोन स्वतंत्र ओळी म्हणून ऐकावा. चारपाच गाण्यांत कान सरावतो.

शब्दांकडे वळताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, त्यातला विनोद. ‘हेवन नोज आय ॲम मिझरेबल नाऊ’ हे शीर्षक सँडी शॉ या साठच्या दशकातल्या गायिकेच्या एका गाण्याच्या नावावर बेतलेले आहे, आणि नोकरी नसताना ती शोधणाऱ्या आणि मिळाल्यावर तिच्यामुळे दुःखी होणाऱ्या माणसाची ती कैफियत आहे. मार्गारेट थॅचर यांच्या काळातल्या बेकारीने गांजलेल्या उत्तर इंग्लंडमध्ये ती ऐकताना लोक हसले आणि स्वतःला ओळखूनही गेले. याच बँडने सँडी शॉलाच गायला बोलावून आपला पहिला सिंगल ‘हँड इन ग्लव्ह’ तिच्या आवाजात पुन्हा केला.

दुसरी गोष्ट म्हणजे गावांची आणि वस्त्यांची नावे. व्हॅली रेंज, रशोम, स्ट्रेंजवेज ही मँचेस्टरमधली खरी ठिकाणे आहेत आणि नकाशा उघडा ठेवून ऐकले तर गाणी जमिनीवर येतात. रशोमचे नाव मँचेस्टरला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असेल, कारण दक्षिण आशियाई उपाहारगृहांनी भरलेला ‘करी माइल’ तिथलाच. ‘रशोम रफियन्स’मध्ये मात्र त्या भागातली जत्रा आहे, आणि जत्रेच्या शेवटच्या रात्रीची मारामारी. पहिल्या अल्बमचे शेवटचे गाणे ‘सफर लिटल चिल्ड्रन’ हे १९६३ ते १९६५ या काळात मँचेस्टर परिसरात झालेल्या मुलांच्या हत्यांवर आहे. त्यांतल्या बहुतेकांचे मृतदेह सॅडलवर्थच्या माळावर पुरलेले होते, आणि मॉरिसी त्या वेळी त्याच शहरात लहान मूल होता. हे गाणे घाईत किंवा दुसरे काम करताना लावू नये.

मॉरिसीने अलीकडच्या वर्षांत इंग्लंडमधल्या स्थलांतरविरोधी पक्षाला उघड पाठिंबा दिला आणि त्यामुळे आशियाई वंशाचे त्याचे कितीतरी श्रोते दुखावले गेले. ते दुखावणे रास्त आहे. ज्यांना त्याचा आवाज आता नकोसा होतो त्यांनी या लेखातले वाद्यांचे टप्पे तेवढे करावेत. मार, रुर्क आणि जॉइस यांचे काम स्वतःच्या बळावर ऐकण्याजोगे आहे.

उरलेले तीन अल्बम

इथवर आल्यावर अल्बम क्रमाने घ्यावेत. ‘मीट इज मर्डर’ हा त्यांचा पहिल्या क्रमांकावर गेलेला एकमेव स्टुडिओ अल्बम. पहिले गाणे ‘द हेडमास्टर रिच्युअल’ मँचेस्टरच्या शाळांमधल्या छडीबद्दल आहे. त्यात मारने गिटारच्या तारा वेगळ्या लावून जो घुमारा काढला आहे तो ऐकावा. शेवटचे गाणे अल्बमच्याच नावाचे, कत्तलखान्याचे आवाज वापरलेले आणि शाकाहाराची बाजू मांडणारे. अमेरिकन आवृत्तीत ‘हाऊ सून इज नाऊ?’ मध्येच घातलेले आहे; ते टाळून मूळ नऊ गाण्यांचा क्रम ऐकणे चांगले.

जून १९८६ चा ‘द क्वीन इज डेड’ हा बहुतेकांच्या, आणि माझ्याही, मते त्यांचा सर्वोत्तम अल्बम. रफ ट्रेड या त्यांच्या कंपनीशी झालेल्या कायदेशीर वादामुळे तो तयार होऊनही कित्येक महिने अडकून पडला होता. शीर्षकगीत गिटारच्या घोंघावणाऱ्या, वा-वा पेडलमधून आलेल्या आवाजावर स्वार आहे. ‘आय नो इट्स ओव्हर’ संथ, आणि मॉरिसीच्या गायकीचा कळस. ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’मधली तंतुवाद्ये आणि बासरी खरी नाहीत, ती मारने इम्युलेटर नावाच्या यंत्रावर वाजवलेली आहेत. तरी तिथे कान थांबतोच, कारण गाण्यातला तरुण रात्रीच्या गाडीत बसून घरी परतू नये अशी विनवणी करत असताना ती ओळ त्याच्या शब्दांना न चिकटता वरून शांतपणे तरंगत जाते. अल्बमच्या आतल्या बाजूला चौघे सॅलफर्ड लॅड्स क्लब या जुन्या क्लबसमोर उभे असलेले छायाचित्र आहे, आणि त्या दारापुढे उभे राहून छायाचित्र काढायला लोक आजही जातात.

‘स्ट्रेंजवेज, हिअर वी कम’ सप्टेंबर १९८७ मध्ये आला तेव्हा बँड उरलेला नव्हता. कायमचा व्यवस्थापक नसल्याने व्यवहाराचा बराच भार मारवर पडत होता; तो थकला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी बाहेर पडला. मोठ्या ईएमआय कंपनीशी झालेल्या करारातून त्यांची एकही तबकडी निघू शकली नाही. या अल्बमचे पहिले गाणे गिटारविना केलेले आहे आणि शेवटच्या ‘आय वोन्ट शेअर यू’मध्ये मार ऑटोहार्प हे तंतुवाद्य वाजवतो, पुढे जाण्याची त्याची ओढ यात स्पष्ट ऐकू येते. पैशांचा हिशेब मात्र मागे राहिला. मॉरिसी आणि मार प्रत्येकी चाळीस टक्के घेत, रुर्क आणि जॉइस यांना दहा-दहा टक्के मिळत. जॉइसने दावा लावला आणि १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो समान भागीदार असल्याचे ठरवून त्याला चौथा हिस्सा दिला. बेस आणि ड्रम्स लक्ष देऊन ऐकलेल्या कोणालाही तो निकाल पटेल.

अल्बमांबाहेरची गाणी गोळा करण्यासाठी १९८७ चा ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’ हा संग्रह पुरेसा आहे. ‘पॅनिक’, ‘आस्क’, ‘हाफ अ पर्सन’, ‘रबर रिंग’, ‘अस्लीप’ सगळी त्यात आहेत. आणखी संग्रह बाजारात भरपूर आहेत, पण त्यांत तीच गाणी फिरून येतात.

सर्वांत शेवटी ‘रँक’ हा १९८८ मध्ये निघालेला मैफिलीचा अल्बम लावावा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनच्या किलबर्न भागात केलेल्या या ध्वनिमुद्रणात क्रेग गॅनन हा दुसरा गिटारवादक सोबत आहे, त्यामुळे स्टुडिओत थर रचून केलेले काम रंगमंचावर दोन गिटारमध्ये कसे वाटले गेले ते कळते. त्यातले ‘रशोम रफियन्स’ ते एल्व्हिस प्रेस्लीच्या ‘हिज लेटेस्ट फ्लेम’ला जोडून वाजवतात. जत्रेच्या त्या गाण्याचा ठेका मुळात प्रेस्लीच्या गाण्यावरूनच उचललेला होता, आणि इथे ते लपवण्याऐवजी त्यांनी दोन्ही गाणी एकाच दमात शेजारीशेजारी ठेवली आहेत.